रात्रपाळीला चैन म्हणणाऱ्यांसाठी

सिद्धेश्वर तलावाला एक फेरी आणि मग चहा, असा आमचा सकाळचा ग्रुप. त्यावर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये म्हणे नुसती चैन होती. दिवसा झोपायचं, रात्री उंचावरून बटण दाबायचं, पहाटे अंडी खायला परत. खरी लढाई पायदळाची, विमानात जोखीम कसली? आणि आपला त्याच्याशी काय संबंध? मला तो तिघांनी पाठवला, म्हणून बोलतो.

आधी झोपेचं. माझे वडील मिलमध्ये फिटर होते. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला तर आमच्या चाळीत त्याला कुणी चैनी म्हणत नसे. शिवाय स्क्वाड्रनमध्ये दिवसा जागं असणाऱ्यांचीच संख्या मोठी. लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानाला चार इंजिनं आणि आत सात माणसं, पण ते उडवायला जमिनीवर इंजिनं बघणारे फिटर, विमानाचा सांगाडा बघणारे रिगर, बॉम्ब चढवणारे, पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्या मुली अशी फौजच लागायची. विमानं बहुतेक वेळा उघड्या माळावर उभी असत, हँगरमध्ये नव्हे. इंग्लंडच्या जानेवारीत तिथे प्लग बदलायचे. हातमोजे घालून बारीक काम होत नाही, म्हणजे उघड्या बोटांनीच. दुपारी बॉम्ब ट्रॉलीवरून यायचे, पेट्रोल भरलं जायचं. किती भरलं यावरून आज लांब जायचंय की जवळ, हे जमिनीवरच्यांना ब्रीफिंगआधीच कळायचं. मोहीम ठरली की तळावरून बाहेर फोन बंद.

आता जोखीम. बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात, उडणारे सुमारे १,२५,००० होते, त्यांतले ५५,५७३ मेले. शंभरात चव्वेचाळीस! एका टूरमध्ये, म्हणजे नेमणुकीच्या एका फेरीत, साधारण ३० मोहिमा. दर मोहिमेला शंभरातली चारच विमानं पडली असं धरा, किरकोळ वाटतं ना? पण तीसदा तोच हिशोब केला की शंभरातली जेमतेम एकोणतीस उरतात. आणि चार ही काही कमाल नव्हे. ३० मार्च १९४४च्या रात्री न्यूरेंबर्गला ७९५ विमानं निघाली, ९५ गमावली. शेपटीतला तोफची तर एकटाच, सगळ्यांकडे पाठ करून, उणे चाळीसपर्यंतच्या गारठ्यात तासन् तास बसायचा. आपली सोलापुरी चादर तिथे काय करणार!

बटणाचं म्हणाल तर १९४१च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनीच आपल्या विमानांतले फोटो तपासले. लक्ष्यावर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्यांतलं तिनात एकच विमान लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलेलं निघालं. अंधारात शहर सापडवणं हेच मुख्य काम होतं. त्यात बॉम्ब सोडल्यावरही फोटो निघेपर्यंत विमान सरळ रेषेत धरून ठेवायचं, खालून तोफा चालू असताना.

मात्र हीच बटणं दाबून जुलै १९४३मध्ये हॅम्बुर्गमध्ये चाळीस हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक सामान्य नागरिक. मी या पोरांना देव करायला बसलेलो नाही. पण मेसेजवाल्याला ती माणसंही दिसलेली नाहीत, त्याला फक्त अंडी दिसली.

अंडी मिळायची हे खरं. ब्रिटनमध्ये रेशन होतं, ताजं अंडं दुर्मीळ, म्हणून उडणाऱ्यांना ते खास. ‘तू परत आला नाहीस तर तुझं अंडं मी खाऊ का?’ ही तिथली नेहमीची थट्टा. न आलेल्याचं सामान दुसऱ्या दिवशी गोळा व्हायचं आणि त्याच खाटेवर नवा पोरगा यायचा.

राहिला ‘आपला काय संबंध’. १९४३-४४मध्ये बर्मा आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन व्हेंजन्स विमानांतून जवळजवळ सरळ खाली झेपावत बॉम्ब टाकत होत्या. विमानात दोघंच. पुढे १९५७ ते २००७ आपल्या हवाई दलाकडे कॅनबेरा ही बॉम्बर विमानं होती. पुण्याच्या लोहगाववरूनही ती उडायची, आणि तिथेही रात्रपाळी होतीच.