दुसऱ्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ परवडतच नाही? हा निरोप पुढे पाठवण्याआधी

मुलांच्या कॉलेज अर्जांचा हंगाम आला की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरू लागतो. त्यात चार गोष्टी सांगितलेल्या असतात. आउट-ऑफ-स्टेट, म्हणजे दुसऱ्या राज्यातलं, सरकारी विद्यापीठ हे पूर्ण फी भरणाऱ्यांचंच काम. आर्थिक मदत फक्त त्या राज्यातल्या मुलांना मिळते. कमाई दीड लाख डॉलरच्या वर असेल तर फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा अर्ज, भरण्यात वेळ घालवू नका. आणि जायचंच असेल तर पहिलं वर्ष पूर्ण फी भरा, घराचा भाडेकरार करा, दुसऱ्या वर्षापासून मूल इन-स्टेट होईल, म्हणजे त्याला त्या राज्यातल्यांची कमी फी लागेल.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करायला हवी, कारण त्यावर विसंबलेल्या घरांचं नुकसान सगळ्यात मोठं होतं. बहुतेक राज्यांत आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचं राज्य म्हणजे आईवडिलांचं राज्य. बारा महिने राहण्याची अट असतेच, पण ते राहणं शिक्षणाशिवाय दुसऱ्या कारणासाठी हवं, आणि पूर्णवेळ विद्यार्थी शिकायलाच आला आहे असं नियम धरून चालतो. भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी ही जोडीची कागदपत्रं. तेवढ्यावर हे गृहीतक मोडत नाही. त्यात पालकांनी करविवरणात मुलाला आपल्यावर अवलंबून दाखवलं असेल आणि फीही तेच भरत असतील, तर अर्ज सहसा तिथेच फेटाळला जातो. मिझुरी विद्यापीठासारखे अपवाद आहेत. तिथे राज्यात सलग बारा महिने राहून आणि त्या काळात किमान 2,000 डॉलर करपात्र कमाई करून, बाकीच्या अटी पाळत, इन-स्टेट दर्जा मागता येतो. पण तो मिझुरीचा नियम आहे. तो दुसऱ्या राज्याला लावलात तर एका वर्षासाठी सोसायची ठरवलेली जादा फी चारही वर्षं भरावी लागते.

आता ‘मदत फक्त राज्यातल्यांना’. कॅलिफोर्नियापुरतं हे बरंचसं खरं आहे. यूसीच्या, म्हणजे बर्कलीसह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, कॅम्पसवर परराज्यातल्या मुलाला विद्यापीठाकडून गरजेवर आधारित अनुदान मिळत नाही, आणि 2025-26 मध्ये नव्याने प्रवेश घेणाऱ्याला नेहमीच्या फीवर 37,602 डॉलर जादा भरावे लागतात. न्यू जर्सीतल्या घराने बर्कलीचा हिशेब मदत गृहीत न धरताच करावा. पण यूसी म्हणजे सगळी सरकारी विद्यापीठं नव्हेत. चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आणि व्हर्जिनिया विद्यापीठ परराज्यातल्या पात्र विद्यार्थ्याचीही सिद्ध झालेली पूर्ण गरज, म्हणजे खर्चातून कुटुंबाला झेपणारी रक्कम वजा जाता उरलेला आकडा, भागवतात.

मात्र गरज किती हे ती विद्यापीठंच ठरवतात, आणि त्यासाठी फाफ्सासोबत सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कुटुंबाच्या पैशांची अधिक तपशिलात विचारणा करणारा दुसरा अर्ज, भरावी लागते. राहत्या घराची कर्ज वजा जाता उरलेली किंमत फाफ्सा विचारत नाही, सीएसएस प्रोफाइल विचारते. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट दोन्हीकडे दाखवावा लागतो. मालमत्ता भारतात आहे म्हणून सूट नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एडिसनमध्ये घेतलेलं घर आणि वर तो फ्लॅट, एवढ्यावर मध्यम पगाराच्या कुटुंबाचीही गरज कागदावर बरीच कमी होऊ शकते. म्हणून अर्जाआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते सांगणारा तक्ता, भरून पाहा. तो आउट-ऑफ-स्टेट पर्याय विचारतो की नाही, हे आधी तपासा. काही सरकारी विद्यापीठांचा कॅल्क्युलेटर राज्यातल्याच मुलांसाठी बनवलेला असतो आणि त्यातला आकडा तुमच्या कामाचा नसतो.

ज्यांची गरज कागदावर सिद्ध होत नाही, त्यांचा रस्ता मेरिटचा, म्हणजे गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा. निरोपातली खरी चूक इथे आहे. अलाबामा विद्यापीठ परराज्यातल्या मुलांसाठी जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) आणि एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांच्या गुणांचा तक्ता जाहीर करतं. तक्त्यात बसलात तर वेगळी स्पर्धा न होता शिष्यवृत्ती मिळते. तक्ता बदलत असतो, म्हणून ओळखीच्या मुलाला किती मिळाले ते न विचारता आपल्या मुलाच्या प्रवेशवर्षाचाच तक्ता उघडा.

टेक्ससचा कायदा याहून वेगळा. विद्यापीठाच्या समितीकडून स्पर्धेतून किमान 1,000 डॉलरची शिष्यवृत्ती मिळालेल्या परराज्यातल्या विद्यार्थ्याला राज्यातल्याच दराने फी आकारता येते. हजार डॉलरपेक्षा त्यामुळे वाचणारी फी कितीतरी मोठी असते. महाराष्ट्र मंडळाने दिलेली शिष्यवृत्ती इथे धरली जात नाही. या सवलतीच्या जागांवर मर्यादा आहे आणि प्रत्येक कॅम्पस ती सारख्या उदारपणे वापरत नाही, म्हणून ‘या शिष्यवृत्तीबरोबर इन-स्टेट फी मिळेल का, आणि चारही वर्षं मिळेल का?’ असं ईमेलवर लेखी विचारा.

पश्चिमेकडच्या राज्यांतल्या कुटुंबांसाठी वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज आहे. त्यात सहभागी विद्यापीठ इन-स्टेट फीच्या जास्तीत जास्त दीडपट आकारतं. कुठला अभ्यासक्रम त्यात ठेवायचा हे विद्यापीठ ठरवतं. इंजिनिअरिंग किंवा नर्सिंग अनेकदा वगळलेलं असतं. पहिल्या वर्षी एक विषय घेऊन पुढे वगळलेल्या विषयात बदली घेतली तर सवलत जाऊ शकते. दक्षिणेत अॅकॅडेमिक कॉमन मार्केट आहे: हवा तो अभ्यासक्रम आपल्या राज्यात नसेल तर सहभागी राज्यात इन-स्टेट दर. त्यासाठी आपल्या राज्याचं प्रमाणपत्र आधी मिळवावं लागतं.

फाफ्साला उत्पन्नाची वरची मर्यादा नाही. तो भरल्याशिवाय केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज मिळत नाही: पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500, पुढे दरवर्षी 7,500 डॉलरपर्यंत. काही विद्यापीठं मेरिटसाठीही तो मागतात. आणखी एक कारण नोकरीचं. फाफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न पाहतो. मधल्या काळात ले-ऑफ झाला तर आर्थिक मदत कार्यालयाला सध्याचं उत्पन्न धरून फेरविचार करता येतो, पण त्यासाठी मूळ अर्ज भरलेला हवा. बचत कोणाच्या नावावर आहे तेही पाहा. मुलाच्या नावावरच्या 10,000 डॉलरपैकी फाफ्सा 2,000 फीसाठी उपलब्ध धरतो, पालकांच्या नावावर असतील तर जास्तीत जास्त 564.

एच-4 व्हिसावरच्या, म्हणजे एच-1बी नोकरदारांच्या, मुलांना मात्र केंद्र सरकारची मदत नाही. त्यांनी विद्यापीठाच्या मेरिटवर भर द्यावा आणि प्रत्येक शिष्यवृत्तीला नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट आहे का ते पाहावं. स्वतःच्या राज्यात एच-4 असूनही इन-स्टेट दर मिळतो का, हेही विचारून घ्यावं. अनेक राज्यांत मिळतो.

मिळालेली रक्कम चार वर्षं पुरेल का, याबद्दल निरोपात अवाक्षर नाही. समजा वर्षाचा एकूण खर्च 52,000 डॉलर आणि मेरिट 20,000. पहिल्या वर्षी खिशातून 32,000 जातात. खर्च दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढला आणि शिष्यवृत्ती तेवढीच राहिली, तर चौथ्या वर्षी 38,493 द्यावे लागतात. चार वर्षांचे मिळून 1,28,000 नव्हे, जवळजवळ 1,40,800. त्यावर जीपीए टिकवण्याची अट असते, बहुतेक ठिकाणी 3.0 च्या आसपास; इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणित-भौतिकीत तो घसरणं अवघड नाही. एकदा घसरला तर शिष्यवृत्ती लगेच जाते की सुधारायला एक सत्र मिळतं, हे पत्रात शोधा. शिष्यवृत्ती आठ सत्रांची असेल आणि पदवीला नऊ लागली, तर नववं सत्र पूर्ण आउट-ऑफ-स्टेट दराने भरावं लागतं. आणि शिष्यवृत्तीचा जो भाग राहण्या-जेवण्यावर जातो, त्यावर आयकर लागतो.

तारखा लवकर असतात. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात मेरिटच्या विचारासाठी अर्ज 1 नोव्हेंबरपर्यंत लागतो, चॅपल हिलची अर्ली अॅक्शनची (लवकर अर्ज करून लवकर निकाल मिळण्याची) मुदत 15 ऑक्टोबर. फाफ्सा साधारणपणे 1 ऑक्टोबरला उघडतो. सगळी पत्रं हातात आली की प्रत्येकाचा चार वर्षांचा खर्च काढा आणि तो आपल्या राज्यातल्या विद्यापीठाच्या, मदत वजा केलेल्या चार वर्षांच्या खर्चाशेजारी मांडा. बाहेरची शिष्यवृत्ती आणली तर विद्यापीठ आपली मदत तेवढी कापतं का, हे 1 मेच्या आत विचारा. त्यानंतर जागा निश्चित झालेली असते आणि वाटाघाटीला फारसा वाव राहत नाही.