दातांचं काय, बघू नंतर

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं.

आमच्या टीममध्ये पुण्याचा एक मुलगा आहे. पंचविशीचा, हुशार, गेल्या वर्षीच इकडे अमेरिकेत आला. मला ताई म्हणतो. आज डबा खाताना सहज म्हणाला, "ताई, ते ओपन एनरोलमेंट काल संपलं ना? माझं डेंटलचं राहिलंच. जाऊ दे, मला कुठे दातांचं काय आहे!" आणि कडाकडा गाजर खात बसला. (ओपन एनरोलमेंट म्हणजे पुढच्या वर्षाचा कंपनीचा विमा निवडायची वर्षातली ठरावीक मुदत, आणि डेंटल म्हणजे दातांचा विमा.)

मी घास तोंडात तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले. मलाही दातांचं काही नव्हतं रे बाळा. १५ जानेवारी २०२४ च्या सकाळपर्यंत काहीसुद्धा नव्हतं.

जुन्या मित्रमंडळींनी हे ऐकलंय, पण परत सांगणार. त्या वर्षी संक्रांत सोमवारी आली आणि त्याच दिवशी मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. न्यू जर्सीत संक्रांतीला घरी असण्याचं भाग्य काय रोज मिळतं? ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून चिक्कीचा गूळ आणला, तीळ भाजले, पाक ठेवला. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला आणि पाक एक मिनिट पुढे गेला. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघितला तर टण्ण! तिथेच थांबायला हवं होतं. पण गूळ वाया कसा घालवायचा? हात भाजत लाडू वळले. लाडू कसले, गोट्याच त्या. दुसऱ्याच लाडवाला कट्कन आवाज आला. आधी वाटलं तीळ दाताखाली आला. तळहातावर काढून बघितलं, आणि मग लक्षात आलं की तीळ एवढा मोठा नसतो. उजवीकडची खालची दाढ, अर्धी माझ्या हातात, अर्धी तोंडात.

नवरा म्हणाला, "आता तरी गोड बोल." त्याच्याशी दोन दिवस मी काहीच बोलले नाही, गोडही नाही.

तर मुद्दा. माझं डेंटल होतं, बरं का! सहा वर्षं दर महिन्याला पगारातून कापलं जायचं आणि दर जानेवारीत आपोआप पुढे चालू व्हायचं. त्या वर्षी मात्र कंपनीने डेंटलवाला बदलला, त्यामुळे प्रत्येकाने पोर्टलवर जाऊन नव्याने टिक करायचं होतं. मुदत आदल्या नोव्हेंबरातली, २०२३ च्या, ६ ते १७ तारीख. मेल आला होता. एक नाही, चार आले होते, वर ठळक अक्षरांत 'ॲक्शन रिक्वायर्ड'. १२ तारखेला दिवाळी. मंडळाच्या फराळाच्या चकल्या माझ्याकडे होत्या, तीनशे. मी मेलला चांदणी लावली आणि चकल्या तळायला गेले. ती चांदणी अजून आहे. मुद्दाम काढलेली नाही.

दुसऱ्या दिवशी गालाखाली हात धरून एचआरला फोन केला. बिचारी मुलगी फार प्रेमाने बोलली. म्हणाली, मधेच नाव घालता येत नाही, पण तुमच्याकडे काही 'लाइफ इव्हेंट' झाली आहे का? लग्न? बाळ? घटस्फोट? नवऱ्याची नोकरी जाऊन त्याचा विमा गेला? मी म्हटलं, दाढ तुटली. ती म्हणाली, सॉरी, ती यादीत नाही. (त्या दोन दिवसांत यादीतली एक गोष्ट फार लांब नव्हती, पण ते असो.)

नियम मला नंतर कळला. हा हप्ता कर कापण्याआधीच्या पगारातून जातो, म्हणून आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, सेक्शन १२५ खाली एकदा निवडलं की वर्षभर ते बदलता येत नाही, आयुष्यात काही मोठं घडल्याशिवाय. दात तुटल्यावर विमा घेऊ दिला तर कोण आधी घेईल, हेही मान्य. मान्य म्हणजे डोक्याला मान्य. दाढेला नाही.

मग वाटलं, बाहेरून घेऊ. वैयक्तिक प्लॅन वर्षभर कधीही मिळतात. मिळतात, पण मी बघितले ते सगळे क्राउनसारख्या (दाढेवर बसवायची टोपी) मोठ्या कामाला सहा महिने नाहीतर वर्ष थांबायला सांगत होते. अर्धी दाढ घेऊन वर्षभर? जीभ सारखी तिथेच जाते हो. मीटिंगमध्ये, गाडी चालवताना, झोपेतसुद्धा, ती धार चाचपत राहते. आठ दिवस लवंग दाबून काढले. घरभर मसालेभाताचा वास.

रूट कॅनालचे १,३५० आणि क्राउनचे १,४५०. २,८०० डॉलर. विमा असता तर? वर्षाचा हप्ता ३३६ आणि विमा कंपनीने जास्तीत जास्त १,५०० दिले असते. म्हणजे तरीही १,३०० माझ्याच खिशातून. नवऱ्याने एक्सेल काढून दाखवलं की हप्ता वजा केला तर खरं नुकसान ११६४ डॉलर. एक्सेल बरोबर आहे. त्या एक्सेलमध्ये विमावाल्याशी करार असलेल्या डेंटिस्टांचा कमी दर धरलेला नाही हे मी त्याला सांगितलं, आणि विषय संपवला. त्याच पोर्टलवर एफएसए, म्हणजे औषधपाण्याच्या खर्चासाठी पगारातून पैसे साठवायचं खातं, पण होतं, त्या वर्षी ३,२०० डॉलरपर्यंत करमुक्त बाजूला टाकता आले असते. तेही त्याच चांदणीखाली गेलं.

आणि हे १,५०० म्हणजे तरी काय? डेंटल विमा म्हणजे विमा नाहीच, कूपन आहे, असं म्हणणारे माझ्या यादीत बरेच आहेत. चूक नाही म्हणत मी त्यांना. पण कूपन फुकट घालवणाऱ्यातले तुम्ही कधीपासून झालात? तुम्ही? पनीरवर पन्नास सेंट सूट आहे म्हणून तीन मैल लांब जाणारे?

खरा राग मला कशाचा येतो सांगू? दात शरीराच्या बाहेर असतात असं या देशाने ठरवलंय त्याचा. म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, १९६५ ला आलं, त्यात म्हाताऱ्यांच्या रोजच्या दातदुखीला जागा नाही. २०१० च्या आरोग्य विम्याच्या कायद्याने (ओबामाकेअर) मुलांचे दात आवश्यक धरले, मोठ्यांचे नाही. एकोणीस पूर्ण झाली की तुमची दाढ हा तुमचा खासगी मामला. गुडघा दुखला तर एक कार्ड, दाढ दुखली तर दुसरं, डोळ्याला तिसरं. आणि तिन्ही कार्डांचं दार वर्षातून दोन आठवडे उघडतं, तेही नेमकं आपल्या सणासुदीच्या आसपास. ही त्यांची चूक नाही, माहितीये. तरी राग येतो.

"दात इंडियात करून घ्यायचे" ही कमेंट कुणीतरी करणारच आहे, म्हणून आधीच उत्तर. हो, स्वस्त पडतं, मीही केलंय. पण दाढ डिसेंबरच्या तिकिटाची वाट बघत नाही.

लिहिता लिहिता आई आठवली. आमच्या घरी दातांचा हिशोब कुणी ठेवलाच नाही. बाबांचा चष्मा वेळेवर बदलायचा, आमची लसीकरणाची कार्डं कपाटात जपून ठेवलेली, आणि आईची दाढ ठणकायला लागली की लवंगेचं तेल, मग मिठाचं पाणी, मग "काढून टाका डॉक्टर, कटकट नको." एकेक करत पाच दाढा गेल्या तिच्या. पन्नाशीतच शेंगदाण्याचा कूट करून खायची, दाणे नाही. आम्ही कधी विचारलंही नाही. तिला 'आवडतो' म्हणून कूट करते, असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

असो.

गेल्या वर्षीपासून मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ओपन एनरोलमेंटच्या तारखा लाल पेनने लिहिते, एकादशीच्या खाली. सासूबाई फोनवर विचारतात, दिवाळीची खरेदी झाली का, आणि पाठोपाठ, ते तुझं दातांचं झालं का. त्या फोनमुळेच पाक पुढे गेला होता, त्यामुळे त्यांनाही थोडं लागलंय ते.

त्या मुलावर मी दुपारी जरा जास्तच चिडले. चोवीस-पंचवीसचं वय, घरापासून आठ हजार मैल लांब, 'दात घासलेस का' विचारणारंही कुणी नाही. म्हणून संध्याकाळी त्याला मेसेज केला की वर्षभर निदान सफाई तरी करून घे, नेवार्कला रटगर्सचं डेंटल कॉलेज आहे, तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, वेळ जास्त लागतो पण पैसे कमी.

आत्ता उत्तर आलंय. "थँक्यू ताई. एक विचारू का? डावीकडे वर थंड पाणी लागलं की कधीकधी कळ येते. ते नॉर्मल असतं ना?"

थांबा. फोन लावते त्याला.