पीएचडी राहू द्या, नुसतं ॲडमिशन घेऊन दाखवा

तर माझा नेटचा, म्हणजे प्राध्यापकी आणि पीएचडीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, स्कोअर एक्स्पायर झाला. दुधाच्या पिशवीसारखा. मी पीएचडी प्रवेशाचा फॉर्म भरला तेव्हा चालू होता, व्हेरिफिकेशनला चालू होता, आणि आता विद्यापीठाने एवढी वाट बघायला लावली की सेक्शनमधला माणूस शांतपणे म्हणतो, "मॅडम, स्कोअरची व्हॅलिडिटी संपलीय, नवीन आणा." नवीन आणा म्हणे! किराणा दुकानात मिळतो का तो?

डोकं फिरलंय त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्च 2024 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, काढलं की आता प्रत्येक विद्यापीठाची वेगळी पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) द्यायची गरज नाही, नेटचा स्कोअरच पीएचडी प्रवेशाला चालेल. निकालात तीन गट केले. वरच्या गटाला जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप), मधला गट सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, आणि खालचा गट फक्त पीएचडीसाठी पात्र. जेआरएफवाल्यांना नुसती मुलाखत, बाकी दोन गटांना नेटचे 70 टक्के आणि मुलाखतीचे 30 टक्के. ऐकायला किती छान. पण खाली एक ओळ आहे, या दोन गटांचा स्कोअर निकालापासून फक्त एक वर्ष चालणार. एक वर्ष! ज्या देशात विद्यापीठाला साधी पीएचडीची जाहिरात काढायला वर्ष लागतं तिथे!

आणि माझं नशीब बघा, मी बसले ती जून 2024 ची नेट. 18 जूनला पेन-पेपरवर परीक्षा झाली, देशभरात 9 लाखांहून जास्त पोरं बसली, 19 ला रात्री बातमी की रद्द. पेपर फुटल्याचा संशय. नंतर सीबीआयने सांगितलं की तो व्हायरल झालेला स्क्रीनशॉटच बनावट होता, म्हणजे ज्या कारणाने रद्द केली ते कारणच खोटं, पण तोपर्यंत आमचा अभ्यास, प्रवास, लॉजचं भाडं सगळं पाण्यात. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॉम्प्युटरवर परत घेतली आणि 17 ऑक्टोबरला निकाल. मी पास झाले, फक्त पीएचडीवाल्या गटात का होईना. घरी पेढे वाटले. तेव्हा काय माहीत की त्या दिवसापासून घड्याळ लागलंय आणि ते फक्त माझंच लागलंय, विद्यापीठाचं नाही.

आता विद्यापीठाकडे या. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, ज्यांनी ज्यांनी फॉर्म भरलाय ते सगळे म्हणतील अरे हे तर आमचंच. निकालानंतर मी रोज वेबसाइट बघायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली, जाहिरात नाही. फोन केला की "लवकरच निघेल, वेबसाइट बघत राहा." उन्हाळ्याच्या तोंडावर एकदाची जाहिरात आली आणि फॉर्म भरायला मुदत किती, पंधरा दिवस! इतके महिने तुम्ही झोपलेले आणि आम्ही पंधरा दिवसात सगळं गोळा करायचं, त्यात गाईडचं संमतीपत्र पण.

हे गाईड प्रकरण म्हणजे स्वतंत्र नरक आहे. नियम असा की प्रोफेसरला एका वेळी 8, असोसिएट प्रोफेसरला 6 आणि असिस्टंटला 4 विद्यार्थी घेता येतात, आणि ज्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. ठीक आहे, नियम चांगलाच आहे. पण पोर्टलवर जी गाईडची यादी टाकलीय ती कोणत्या जमान्यातली आहे देव जाणे. पहिल्या मॅडम म्हणाल्या माझ्या जागा कधीच भरल्यात, पोर्टल अपडेट होत नाही त्याला मी काय करू. दुसरे सर म्हणाले एक जागा आहे पण ती "ठेवलीय". कोणासाठी ठेवलीय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, आपल्याकडे ते विचारायचं नसतं. तिसऱ्या सरांचा फोन त्यांच्या मुलाने उचलला. म्हणाला, "ताई, बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तुमच्यासारखे अजून खूप फोन येतात." पोर्टलवर त्या सरांच्या नावापुढे रिक्त जागा 4. मला इतकं कानकोंडं झालं, त्या मुलाला सॉरी म्हणून फोन ठेवला. दरवर्षी फॉर्मच्या सीझनला त्या घरी हे असले फोन येत असणार, आणि एक नाव यादीतून काढायला कोणाला दोन मिनिटं मिळत नाहीत.

बरं गाईड कमी का आहेत ते पण बोलूया ना. कॉलेजांमध्ये जागा भरतच नाहीत. माणूस रिटायर झाला की त्याची जागा तासिका तत्त्वावर जाते. मी स्वतः अशीच सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आहे, इतिहास शिकवते, तासाप्रमाणे पैसे, ते पण कधी येतील याचा भरवसा नाही. सीएचबीवाला गाईड होऊ शकत नाही. म्हणजे भरती नाही म्हणून गाईड नाहीत, गाईड नाहीत म्हणून पीएचडी नाही, आणि पीएचडी नाही म्हणून भरतीच्या मुलाखतीला आम्ही मागे. 2023 मध्ये यूजीसीने सांगितलं की असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा राज्याची सेट परीक्षा पुरे. कागदावर हो. प्रत्यक्षात एका जागेला एवढे अर्ज येतात की पीएचडीवाले डॉक्टर लोक आधी उभे असतात.

आणि सीएचबीवरून आठवलं, एनओसी! फॉर्ममध्ये विचारलं नोकरी करता का, मी लिहिलं हो. लगेच त्रुटी लागली, नोकरीच्या ठिकाणाचं ना हरकत प्रमाणपत्र जोडा. प्राचार्यांकडे गेले तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, तुमची नेमणूक सत्रापुरती असते, मी कशाची एनओसी देऊ?" मग विद्यापीठात गेले, म्हटलं ते म्हणतात मी कर्मचारी नाही. तर इकडे म्हणतात मग फॉर्मवर नोकरी का लिहिलीत, आणि आता एडिट होणार नाही, सबमिट झालाय. शेवटी काय तर, मी कर्मचारी नाही हे कॉलेजने लेटरहेडवर लिहून द्यायचं. म्हणजे वर्षानुवर्षं तिथे शिकवते, पेपर तपासते, एनएसएसच्या कॅम्पला पोरांना घेऊन जाते, आणि माझ्याच ॲडमिशनसाठी मी इथली कोणीच नाही असं प्रमाणपत्र आणून देतेय. ते पण प्राचार्य बाहेरगावी होते म्हणून चार दिवसांनी मिळालं.

कागदांबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला वेगळा. फॉर्म ऑनलाइन, तरी हार्ड कॉपी तीन सेट, स्पायरल बाइंडिंग करून. मग ऑनलाइन कशाला केलं, आम्हाला सायबर कॅफेत बसायची हौस म्हणून? फी कापली गेली आणि स्टेटस पेंडिंग, बँक म्हणते आमच्याकडून गेले, विद्यापीठ म्हणतं आमच्याकडे आले नाहीत, परत भरा, रिफंड येईल. रिफंड अजून येतोय. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मराठीत चालेल असं जाहिरातीत लिहिलंय पण शीर्षकाच्या बॉक्समध्ये देवनागरी टाकलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. महाराष्ट्रातलं विद्यापीठ, 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून बॅनर लागलेत गेटवर, आणि आत पोर्टलला मराठी अक्षर ओळखता येत नाही. शेवटी इंग्रजी स्पेलिंगमध्ये मराठी शीर्षक लिहिलं.

माझा विषय सांगते, म्हणजे मी एवढी का चिडलेय ते कळेल. 1972 च्या दुष्काळात आमच्या भागात सरकारी कामांवर गेलेल्या बायका. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, पोटाला सुकडी आणि मिलो ज्वारी. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढे आपला रोजगार हमीचा कायदा आला, 1977 चा, 1979 पासून लागू झाला. या योजनेचे जनक म्हणून वि. स. पाग्यांचं नाव सगळे घेतात, घ्यायलाच पाहिजे, पण मस्टरवर अंगठे उठवणाऱ्या बायकांना कोणी विचारलं? तेव्हा विशीत असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेलीय. मी स्कोअर हातात घेऊन जाहिरातीची वाट बघत बसले तेवढ्यात माझ्या यादीतल्या दोघी वारल्या. एकीने तर मला सांगून ठेवलं होतं, पोरी ये सुगी झाली की, सगळं सांगते, तिच्या हाताला हातोडीचा घट्टा होता तो दाखवला होता. मी म्हटलं मावशी रजिस्ट्रेशन झालं की रीतसर रेकॉर्ड करायलाच येते. कसलं रजिस्ट्रेशन आणि कसलं काय. आर्काइव्हमधले कागद वाट बघतात हो, माणसं नाही बघत.

आणि मुलाखत! दोनदा पुढे ढकलली. एकदा कुलगुरूंचा दौरा, एकदा "प्रशासकीय कारणास्तव", हे कारण कोणाच्या बापाला कळलंय आजवर? तिसऱ्यांदा झाली तर सकाळी दहाला बोलावून दुपारी साडेतीनला आत घेतलं. पाच-सात मिनिटं. एक एक्स्पर्ट मोबाइलमध्ये. दुसरे म्हणाले 72 वर तर सगळं लिहून झालंय. मी विचारलं सर कोणी लिहिलंय, सांगा, मला वाचायला आवडेल, तर पुढचा प्रश्न. पुढचा प्रश्न काय, तर "मूल लहान आहे ना तुमचं, वेळ देऊ शकाल का?" माझ्या आधी आत गेलेल्या सरांना दोन लहान मुलं आहेत, त्यांना कोणी विचारलं नाही, मी बाहेर आल्यावर मुद्दाम विचारून घेतलं. अहो त्याच यूजीसीच्या 2022 च्या रेग्युलेशनमध्ये स्त्रियांना 240 दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजा आहे, वर दोन वर्षांची जास्तीची मुदत आहे, म्हणजे नियम करणाऱ्याने आमचा विचार केलाय, तो नियम वाचायला टेबलापलीकडच्यांना फुरसत नाही.

लोक म्हणतात एवढा त्रास आहे तर करता कशाला पीएचडी. 2023 च्या नागपूर अधिवेशनात तर सभागृहातच विचारलं गेलं होतं की पीएचडी करून काय दिवे लावणार. दिवे लावायचं नंतर बघू हो, आधी आत तर येऊ द्या, आम्ही अजून दारातच उभे आहोत.

तर मुलाखत झाली, यादी लागेना. विचारलं तर मिनिट्सवर, म्हणजे मुलाखतीच्या इतिवृत्तावर, सह्या व्हायच्यात. मग एक सदस्य परदेशात. मग सुट्ट्या. या सगळ्यात ऑक्टोबर 2025 उजाडला आणि गेला, आणि त्यानंतर तात्पुरती यादी लागली. त्यात माझं नाव आहे!! निवड झालीय! आणि नावापुढे शेरा, "वैध नेट गुणपत्रक सादर करावे". वैधच होतं की! तुमच्या जाहिरातीच्या तारखेला वैध, फॉर्मच्या शेवटच्या तारखेला वैध, मुलाखतीच्या दिवशी वैध. तुमच्या सह्या होईपर्यंत ते संपलं तर तो माझा दोष कसा? क्लार्क म्हणाला नियमात तसंच आहे. मी म्हटलं दाखवा नियम, प्रवेशाच्या कुठल्या तारखेला वैध पाहिजे ते कुठे लिहिलंय. तर म्हणे साहेब मीटिंगला गेलेत, जेवणानंतर या. जेवणानंतर गेले तर म्हणे साहेब आता येणार नाहीत.

आम्ही एक दिवस उशीर केला तर पोर्टल बंद, एक कागद राहिला तर त्रुटी, एक सही राहिली तर अपात्र. यांनी वर्ष घालवलं तर प्रशासकीय कारण.

मी आज माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. विचारलंय की मुलाखत कधी झाली, मिनिट्सवर कोणी कोणत्या तारखेला सही केली, आणि स्कोअरची वैधता कोणत्या तारखेला धरायची याचा लेखी आदेश कुठाय. आवक-जावकच्या टेबलावरच्या माणसाने शिक्का मारता मारता मान वर केली आणि म्हणाला, "ताई, उत्तराला 30 दिवस लागतात हां." म्हटलं लागत नाहीत दादा, 30 दिवसांच्या आत द्यावं लागतं. पोच द्या तारीख टाकून.