‘पर्यावरणाला पैसा कुठून आणणार?’ : एका फॉरवर्डची उलटतपासणी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज तिसऱ्यांदा आला. त्यात तीन दावे आहेत. एक, आपला देश गरीब, हवा स्वच्छ करायला सरकारकडे पैसाच नाही. दोन, संसदेच्या समित्या म्हणजे चहा-बिस्किटांचा कार्यक्रम. तीन, कोळशावर उपकर घेतात तो सगळा पर्यावरणालाच जातो, मग आणखी काय हवं? पहिला आणि तिसरा दावा एकमेकांच्या पायात पाय घालतात, हे पाठवणाऱ्या काकांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

पैसाच नाही? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची ‘प्रदूषण नियंत्रण’ नावाची योजना आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या बऱ्याच शहरांचा पैसा यातून जातो. २०२४-२५ साठी तिच्यात ८५८ कोटी रुपये ठेवले होते. २१ जानेवारी २०२५ पर्यंत, म्हणजे वर्षाचे जेमतेम सव्वादोन महिने उरले असताना, खर्च किती? ७ कोटी २२ लाख. शंभर रुपयांतले ८४ पैसे. कारण विचारल्यावर मंत्रालयाचं उत्तर होतं की योजना २०२५-२६ पर्यंत चालू ठेवायची मंजुरी अजून यायची आहे. पैसा होता, फाइल हलली नव्हती.

८५८ कोटी ही देशाच्या मानाने चिल्लर आहे, हे मला मान्य. पण चिल्लरसुद्धा खिशातच राहिली ना! मुंबई-पुण्यासारख्या दहा लाखांवरच्या शहरांना तेव्हा पंधराव्या वित्त आयोगातून वेगळा निधी मिळत होता. या योजनेकडे डोळे लावून बसली होती ती चंद्रपूर, जालना, सांगली यांच्यासारखी शहरं.

आणि जो पैसा सुटतो, तो कशावर जातो? स्वच्छ हवा कार्यक्रमातला सुमारे ६४ टक्के खर्च धुळीवर झाल्याचं सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या अभ्यास संस्थेने २०२४ मध्ये दाखवलं. उद्योगांच्या वाट्याला एक टक्कासुद्धा नाही. आमच्या चौकातही सकाळी टँकर पाणी मारून जातो. अकराच्या उन्हात रस्ता सुकतो आणि पहिला डंपर गेला की धूळ पुन्हा रसवंतीच्या काचेवर.

आता चहा-बिस्किटं. वरचा ७ कोटी २२ लाखांचा आकडा कुणी काढला? विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल या विषयांच्या संसदीय स्थायी समितीने. तेव्हा अध्यक्ष होते भुबनेश्वर कालिता, म्हणजे सत्ताधारी पक्षाचेच खासदार. अशा समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. मंत्र्याला तिथे सदस्य होता येत नाही. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षभरासाठी मागितलेले पैसे, समितीपुढे येतात, अधिकाऱ्यांची साक्ष होते आणि ‘दिले किती, खर्चले किती’ याचा तक्ता मांडावा लागतो. बैठक बंद दाराआड होते, अहवाल मात्र सभागृहात ठेवतात. त्यातल्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, ही खरी उणीव. मेसेज लिहिणाऱ्याने त्यावर बोट ठेवलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

राहिला कोळसा. १ जुलै २०१० पासून टनामागे ५० रुपये उपकर सुरू झाला, २०१६ पर्यंत तो ४०० वर गेला. एक युनिट विजेला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरा, म्हणजे युनिटमागे पाव रुपयाच्या आसपास. तो शेवटी वीजबिलातूनच वसूल होतो. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात जमा झाले ८६,४४० कोटी. या उपकरासाठीच काढलेल्या राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत पोचले साडेएकोणतीस हजार कोटींच्या घरात आणि प्रकल्पांवर लागले सुमारे १५,९०० कोटी. ‘सगळा’ म्हणजे हा.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तेच ४०० रुपये राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई म्हणून घेतले जाऊ लागले. ती भरपाई महाराष्ट्रालाही मिळाली, त्यामुळे पैसे बुडाले असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्यावर पर्यावरणाचं नाव उरलं नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर तो उपकरही गेला, कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. मेसेजमध्ये मात्र तो अजून ‘घेतात’.