सात दिवसांत आतडी ‘नवी’ होत नाहीत, आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत

परवा मावशीचा फोन आला. आवाज खोल गेलेला. “चक्कर येतेय गं दोन दिवस. पण चांगलंच आहे ते. विष बाहेर पडताना येतेच म्हणे.”

कोण म्हणे? तर मेसेज म्हणे. तोच मेसेज, जो महिन्याभरात माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला होता आणि मी न वाचता खोडला होता. तेव्हाच चार ओळी लिहिल्या असत्या तर मधुमेह आणि बीपी असलेली बासष्ट वर्षांची बाई तीन दिवस मिठाचं पाणी पीत बसली नसती. आता उशिरा का होईना, लिहिते.

ज्यांच्याकडे तो अजून पोचला नसेल (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. आतड्यांच्या भिंतींना वर्षानुवर्षांचा पाच ते दहा किलो मळ चिकटून बसलेला असतो. तुम्ही १० टक्के माणूस आणि ९० टक्के जिवाणू आहात. वाईट जिवाणूंमुळे तिशीनंतर चयापचय मंदावतं. आनंदाचं हार्मोन ९० टक्के पोटात बनतं, म्हणून उदासी हा पोटाचाच आजार. उपाय काय, तर सात दिवस रोज सकाळी लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ, दिवसभर नुसते रस, रात्री ‘सफाईची पूड’, आणि या काळात सगळ्या गोळ्या बंद, कारण औषधं चांगले जिवाणू मारतात. आठव्या दिवशी प्रोबायोटिक, म्हणजे ‘चांगल्या’ जिवंत जिवाणूंची कॅप्सूल. आतडी नवी!

गोळ्यांपासून सुरुवात करते, कारण बाकीचं हसण्यावारी नेता येईल, हे नाही.

औषधांचा आतड्यातल्या जिवाणूंवर परिणाम होतो, हे खरं आहे. अँटिबायोटिक्सचा तर होतोच, पण इतर औषधांचाही होतो. २०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या एका कामात हजाराहून जास्त औषधं आतड्यातल्या ४० प्रकारच्या जिवाणूंवर तपासली होती. जी औषधं जिवाणूंसाठी बनवलेलीच नव्हती, त्यांतल्या २४ टक्के औषधांनी निदान एका प्रकाराची वाढ रोखली. हे प्रयोगशाळेतल्या काचेत झालं, पोटात नव्हे. तरी ठीक आहे, मेसेजवाल्याला एवढं देऊन टाकते.

पण मावशी मधुमेहासाठी घेते ती गोळी मेटफॉर्मिन, आणि तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मेटफॉर्मिनने आतड्यातले जिवाणू बदलतात, आणि ती साखर आटोक्यात ठेवते त्यात या बदलाचाही हात दिसतो. २०१७ मध्ये संशोधकांनी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या विष्ठेतले जिवाणू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांना दिले, तर त्या उंदरांचं शरीर साखर जास्त चांगली हाताळू लागलं. म्हणजे ज्या जिवाणूंच्या नावाने गोळी बंद करायला सांगताय, त्यांच्याकडूनही ती गोळी काम करून घेत असते. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी अर्धं वाक्य वाचलं आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या मनाने लिहिलं.

बीपीच्या काही गोळ्या तर एकदम सोडल्या की दाब उसळी मारून आधीपेक्षाही वर जातो. आणि अशा वेळी मेसेज काय प्यायला सांगतो? दोन चमचे मीठ म्हणजे साधारण १० ते १२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, तेही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. मीठ पोटात थांबतच नाही, सगळं वाहून जातं, असं मेसेजच्या खाली लिहिलंय. बरंचसं जातं, सगळं जात नाही. जाताना अंगातलं पाणी आणि पोटॅशियमही घेऊन जातं. वर खायला काही नाही. चक्कर येणार नाही तर काय होणार? ते विष बाहेर पडत नव्हतं, मावशीतलं पाणी बाहेर पडत होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुलाब-उलट्या होत असताना किंवा उपासात मधुमेहाच्या काही गोळ्या डॉक्टर स्वतःच थोडे दिवस थांबवायला सांगतात, कारण शरीर कोरडं पडलेलं असताना त्या त्रास देऊ शकतात. पण कोणती, किती दिवस, हे ते तुमचे रिपोर्ट बघून ठरवतात. आधी मुद्दाम जुलाब लावून घ्यायचे आणि मग गोळ्या बंद करायच्या, हा क्रम कुठल्याही डॉक्टरचा नाही.

आता तो चिकटलेला मळ. मेसेजसोबत फोटो आहे. काळपट, रबरासारखी लांब दोरी, आणि खाली ‘हे माझ्या पोटातून निघालं’. मावशी म्हणाली, “अगं, माझ्याही निघालं तसंच.” निघणारच! ‘सफाईच्या पुडी’च्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय: इसबगोल आणि बेंटोनाइट माती. मी तिला फोन चालू ठेवूनच एका पेल्यात चमचाभर पूड आणि पाणी घालायला लावलं. दहा मिनिटांनी विचारलं, काय दिसतंय? “लगदा झालाय गं. चमचा उभा राहतोय.” तोच लगदा आतड्यातून जाताना आतड्याचा आकार घेतो आणि दोरीसारखा बाहेर पडतो. वर्षानुवर्षांचा मळ काल रात्री तिनेच गिळला होता. (इसबगोल स्वतः चांगली वस्तू आहे, बद्धकोष्ठाला डॉक्टरही देतात. भांडण त्या फोटोशी आहे.)

मळ भिंतीला चिकटून राहूच शकत नाही, कारण भिंतच राहत नाही. आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, जुन्या पेशी गळून पडतात. शिवाय दोन वर्षांपूर्वी माझी कोलोनोस्कोपी (नळीतून कॅमेरा घालून मोठ्या आतड्याची तपासणी) झाली, तेव्हा मी पडद्याकडे टक लावून बघत होते. आदल्या दिवशी पोट साफ करणारं औषध प्यायले होते, तेवढंच. समोर ओलसर, गुलाबी, चकचकीत भिंत, मधूनच एखादी निळसर शीर. थर नाही, दोऱ्या नाहीत. जगभर रोज हजारो डॉक्टर हे दृश्य बघतात. दहा किलोचा थर असता तर त्यांच्या नजरेतून सुटला असता का?

गंमत म्हणजे ही कल्पना नवीही नाही. आतड्यात कुजणाऱ्या मळाने शरीराला विषबाधा होते, असं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठे डॉक्टर मानत होते. नोबेल मिळालेले मेचनिकॉफही त्यांत होते. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन तर त्यासाठी रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढत. मग १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ यांनी लिहिलं की डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड ही लक्षणं विषाने येत नाहीत, आतडं ताणलं जाण्याने येतात. विष असतं तर शौचाला झाल्यावर काही मिनिटांत बरं वाटलं नसतं, ते रक्तातून उतरायला वेळ लागला असता. १९२२ मध्ये डोनाल्डसन यांनी माणसांच्या गुदाशयात कापूस भरून पाहिला. त्या नुसत्या कापसाने तीच लक्षणं दिसली, आणि कापूस काढल्यावर गेली. शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या बोळ्याने हरलेला सिद्धांत आज हिरव्या पार्श्वभूमीवर फुलांचं चित्र लावून परत आलाय.

“पण माझं वजन दोन किलो उतरलं ना!” उतरलं. उपासात शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) वापरतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. वर पोट रिकामं. जेवायला लागली की परत येईल, आणि यायलाच हवं.

९० टक्के जिवाणूंचा आकडा १९७२ मधल्या एका ढोबळ अंदाजावरून पसरला, आणि इतकी वर्षं बऱ्याच चांगल्या लेखांतही फिरत राहिला, त्यामुळे त्याचा राग मेसेजवर काढता येत नाही. २०१६ मध्ये सेंडर, फ्यूक्स आणि मिलो यांनी नीट हिशेब केला. ७० किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी. म्हणजे जवळपास बरोबरी. सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून साधारण २०० ग्रॅम. दहा किलो मळ सोडाच.

तिशीनंतर चयापचय मंदावतं हेही घासून घासून गुळगुळीत झालेलं वाक्य. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये २९ देशांतल्या ६,४२१ जणांची मोजणी आली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या माणसापर्यंत. शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ सपाट राहतो, साठीनंतर हळूहळू उतरतो. चाळिशीत वजन वाढतं त्याची कारणं आहेत, पण त्याचं खापर जिवाणूंवर फोडू नका.

आनंदाचं हार्मोन: सेरोटोनिनचा बहुतेक साठा पोटात असतो, हे खरं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते बनवतात आणि आतड्याची हालचाल चालवायला वापरतात. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन आपण बनवतो. आतडं आणि मेंदू यांचं नसांवाटे बोलणं चालतं, त्यावर गंभीर संशोधनही चालू आहे. त्यावरून ‘नैराश्याची गोळी बंद करा’ इथवर उडी मारणं हा गुन्हाच आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

राहिलं ते ‘सात दिवसांत नवी आतडी’. याला माझ्या मते एकच अभ्यास पुरेसा आहे. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेला. दहा स्वयंसेवकांना पाच दिवस फक्त मांस, अंडी, चीज असा आहार दिला, आणि वेगळ्या पाच दिवसांत फक्त धान्य, कडधान्य, फळं, भाज्या. आहार पोटात पोचल्यावर एका दिवसातच जिवाणूंचं चित्र बदलायला लागलं. प्राणिज आहारावर पित्तात तग धरणारे जिवाणू वाढले, वनस्पतींचे तंतू पचवणारे कमी झाले. इथवर मेसेजवाला खूश होईल: बघा, किती झटपट बदलतं! पण प्राणिज आहार थांबला आणि दोन दिवसांत जिवाणू मूळ रूपावर आले. दोन दिवसांत. सात दिवस मिठाचं पाणी पिऊन जे काही बदलेल, ते आठवडा संपून नेहमीचं ताट समोर आलं की पुन्हा पहिल्यासारखं. जिवाणूंना तुम्ही मागच्या आठवड्यात काय व्रत केलं त्याच्याशी देणंघेणं नाही. रोज काय येतंय, एवढंच त्यांना कळतं.

आणि सफाईच्या त्या सात दिवसांत येतं काय? गाळलेला रस, म्हणजे चोथा फेकून दिलेला. तो चोथा, ते तंतू आपण पचवू शकत नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत जातात, जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधून घेतात. ज्यांचं भलं करायचंय म्हणता, त्यांनाच सात दिवस उपाशी ठेवायचं, असा हा कार्यक्रम.

आठव्या दिवसाच्या कॅप्सूलबद्दल फार लिहीत नाही. २०१८ मध्ये संशोधकांच्या एका गटाने अँटिबायोटिकनंतर काहींना प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. प्रोबायोटिकवाल्यांचे स्वतःचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. माणसं थोडी होती, त्यामुळे यावरून सगळ्या कॅप्सूल वाईट असं मी म्हणणार नाही. काही ठरावीक आजारांत काही ठरावीक प्रकार उपयोगी पडतात. ‘आतडी नवी’ हा त्यांतला आजार नाही.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं, यापेक्षा बऱ्याच चढ्या आवाजात. ती गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बरं बाई, घेते गोळ्या. पण डॉक्टर रागावतील.” मी म्हटलं, रागावू देत, आधी फोन कर आणि चक्करेचंही सांग. तिने केला. डॉक्टर रागावले म्हणे, पण दुसऱ्या दिवशी रक्त तपासून कोणती गोळी कधी सुरू करायची ते लिहून दिलं.

रात्री पुन्हा फोन. उद्याचं मिठाचं पाणी तिने आदल्या दिवशीच दोन बाटल्यांत भरून ठेवलं होतं. “ओतून कशाला टाकू? झाडांना घालू का?”

नको गं मावशी. झाडं मरतील.