बरोबरीचा सामना, पण जिंकायचं आम्हीच

नागपुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, तरी न्यायाची सर्वात जास्त मागणी रात्री अकरानंतर मोबाईलवरच्या ऑनलाइन गोळीबाराच्या खेळांच्या लॉबीत, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात तिथे, होते. "अबे, काय टीम देल्ली बे ही!" अशी फिर्याद सक्करदऱ्यापासून गोरेवाड्यापर्यंत रोज दाखल होते. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, आणि निकालही त्यानं हरायच्या आधीच लावून ठेवलेला. तक्रारीचे मजकूर दोनच. एक तर आपल्याकडे सगळे नवशिके आले, नाहीतर समोर सगळे मुरलेले आले. "आज समोर फारच कच्चे पोट्टे दिले, १३-२ नं जिंकलो, हा अन्याय आहे" अशी तक्रार मी तरी अजून ऐकलेली नाही.

मला या खटल्यात आरोपीची, म्हणजे कोण कोणाबरोबर आणि कोणाविरुद्ध खेळेल हे ठरवून जोड्या लावणाऱ्या यंत्राची, थोडी बाजू घ्यावीशी वाटते. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. दहाही जण साधारण एका पातळीचे हवेत, कोणाला फार ताटकळत ठेवायचं नाही, आणि सगळ्यांचा पिंग, म्हणजे फोनचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, बरा हवा. दोन गोष्टी साधल्या की तिसरी हातची जाते.

आधी पिंगचं. झीरो माइलचा दगड आपल्याकडे, पण सर्व्हर मुंबईत. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आसपास, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. म्हणजे जाऊन-येऊन ८ ते १० मिलिसेकंद हा निसर्गाचाच टोल, तो कोणालाच माफ नाही. त्यावर जे चढतं ते वायफायचं, राउटरचं आणि मधल्या जाळ्याचं. तुमच्यासारखेच पण सिंगापूरच्या सर्व्हरवर बसलेले खेळाडू यंत्रानं जोडून दिले, तर पातळी जुळेल, पण तुमची गोळी पोचेपर्यंत समोरचा भिंतीआड जाऊन श्वास घेत असेल.

मग वाट पाहण्याचं. समजा तुमचं रेटिंग, म्हणजे तुमची पातळी सांगणारा आकडा, १५०० आहे. यंत्र आधी १४५० ते १५५० मधली माणसं शोधतं. काही सेकंदांत दहा जमले नाहीत की मर्यादा सैल करतं, १४०० ते १६००, मग १३०० ते १७००. रात्री नऊला गर्दी असते, त्यामुळे अरुंद पट्ट्यातच भरती होते. पहाटे तीनला जागे असतात ते परीक्षा संपलेले पोट्टे आणि अट्टल खेळाडू. मग यंत्र मर्यादाच सोडतं. बरोबरीचा सामना पाहिजे असेल तर जेवण झाल्यावर बसा. पहाटे बसून न्याय मागू नका. अगदी वरच्या टप्प्यातल्यांना मात्र नऊ वाजताही ताटकळावं लागतं, कारण त्यांच्या पातळीची माणसंच मोजकी. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही.

यात नागपूरचा उन्हाळा भर घालतो. पारा ४५ वर गेला, घरोघरचे कूलर एकदम लागले की लाइट जाते. इन्व्हर्टरवर पंखा असतो, राउटर नसतो. लाइट येऊन राउटर उभा राहीपर्यंत तुमचे चौघे पाचांशी लढत असतात आणि यंत्र तुमचं नाव पळपुट्यांच्या यादीत लिहितं. पुन्हा तसं झालं की शिक्षा वाढत जाते. आधी काही मिनिटं रांगेबाहेर, मग आणखी जास्त. उन्हाळा ही सबब यंत्राच्या नियमात कुठेच नाही. तेव्हा राउटर आणि भिंतीवरची फायबरची डबी, दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. एकच घेतली तर दिवे लुकलुकताना दिसतील, बाकी काही होणार नाही.

रेटिंग ही चीज नागपूरला मोबाईलच्या आधी बुद्धिबळानं शिकवली. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघानं १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या आकड्यांतला फरक सांगतो की शंभरातले किती गुण कोण नेईल. फरक शून्य असेल तर निम्मे-निम्मे. २०० असेल तर वरचा ७६ नेतो, ४०० असेल तर ९१. नव्या खेळाडूनं बरोबरीच्याला हरवलं तर त्याच्या रेटिंगमध्ये २० गुण वाढतात, ४०० नं वरच्याला लोळवलं तर ३६. तेच वरच्या मुरलेल्यानं खालच्याला हरवलं तर त्याच्या पदरात दोनेक गुण. थोडक्यात, दुबळ्याला चोपून पोट भरत नाही, अशी सोय प्राध्यापकांनी करून ठेवली आहे.

आणि आकडा हा अंदाजच असतो. २०२५ च्या महिला विश्वचषकात आपल्या दिव्या देशमुखचं मानांकन होतं पंधरावं. तिनं अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवलं आणि हाती एकही नॉर्म, म्हणजे त्या किताबासाठी स्पर्धांमधून कमवावी लागणारी पात्रता, नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. सूत्रात अशा घटनेला जागा असतेच, फक्त छोटी. लॉबीतला पोट्टा ती घटना रोज रात्री आपल्याच बाबतीत घडावी म्हणून बसलेला असतो.

खरी पंचाईत नव्या माणसाची, कारण त्याच्याबद्दल यंत्राला काहीच माहीत नसतं. १९९५ मध्ये मार्क ग्लिकमन यांनी ग्लिको पद्धत आणली, तिच्यात आकड्यासोबत अनिश्चितताही लिहितात. नवा आला की १५००, आणि अनिश्चितता ३५०. म्हणजे ३५० ची दुप्पट वर-खाली धरली तर हा गडी ८०० ते २२०० मध्ये कुठेही असू शकतो. स्थळाची चौकशी करावी आणि "मुलगा शिपाई किंवा कलेक्टर आहे" असं उत्तर यावं, तितपत ही माहिती. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्सवरच्या खेळांसाठी केलेल्या ट्रूस्किल या रेटिंग पद्धतीत नव्याला २५ गुण आणि ८.३३ अनिश्चितता देतात, पण दाखवायचा आकडा काढताना २५ मधून ८.३३ ची तिप्पट वजा करतात. उत्तर शून्य. नवख्याला वाटतं आपला अपमान झाला. यंत्र फक्त सावध असतं.

ही अनिश्चितता किती सामन्यांत उतरते, त्याचा मायक्रोसॉफ्टनंच दिलेला हिशोब मला फार आवडतो. एकास एक खेळलात तर सुमारे १२ सामने. चार विरुद्ध चार असेल तर ४६. आठ विरुद्ध आठ, तर ९१. कारण उघड आहे. सामन्याचा निकाल एकच, आणि तो सगळ्यांत वाटायचा. जिंकलो ते तुमच्यामुळे की तुम्ही झाडीत लपून बसला होतात तरीही, हे यंत्राला एका निकालातून कसं कळणार? आपला पोट्टा मात्र चौथ्या सामन्यानंतर हेडफोन आपटून विचारतो, "काहून माया लेव्हलचे नाई देत बे?" तुझी लेव्हल कोणती, हेच तर ते शोधून राहिलंय राजा.

तोवर नव्याला सांभाळायला काही खेळ त्यांचा वेगळा गट करतात, काही बॉट, म्हणजे संगणकानं चालवलेले खोटे खेळाडू, घालतात. शेवटी उरेल तो जिंकला, अशा शंभर जणांच्या बॅटल रॉयल खेळामध्ये खालच्या टप्प्यात बॉट भरपूर असतात. ते उघड्यावर उभे राहतात, गोळ्या आजूबाजूला मारतात, आणि तुम्ही मारलं तरी शिव्या देत नाहीत. हीच त्यांची पक्की खूण. पोट्ट्याला पहिल्याच आठवड्यात चिकन डिनर, म्हणजे विजयाची पाटी, मिळतं, तो आईला सांगतो की आता आपण यातच करिअर करणार. मग टप्पा चढतो, बॉट कमी होतात, खरी माणसं येतात, आणि करिअर तीन मिनिटांत संपतं. बॉट घालायला माझी हरकत नाही. पण ते हळूहळू कमी करायला हवेत, एका टप्प्यावर एकदम काढून घेतले की पोट्टा खेळ सोडतो, नाहीतर फोन फोडतो.

उलटा प्रकार स्मर्फचा. मुरलेला गडी नव्या नावानं येतो आणि नवख्यांत धुमाकूळ घालतो. हे नाव १९९६ च्या सुमाराचं, वॉरक्राफ्ट-२ या संगणकावरच्या खेळामधलं. दोन तगड्या खेळाडूंशी कोणी खेळेना, म्हणून ते पापास्मर्फ आणि स्मर्फेट या नावांनी यायला लागले. आपल्याकडे यापेक्षा अवघड भानगड आहे. घरात चांगला फोन एक, आयडी एक, आणि खेळणारे तीन: दादा, छोटू आणि सुटीत वर्ध्याहून आलेला आतेभाऊ. दादानं कमावलेल्या डायमंड या वरच्या टप्प्यावर छोटू दुपारी बसतो आणि चार अनोळखी माणसांची रात्रीची मेहनत बुडवतो. ग्लिकोच्या दुसऱ्या आवृत्तीत खेळाडूच्या चंचलतेचा वेगळा आकडा ठेवतात. हा एकच माणूस असून कधी वाघासारखा तर कधी उंदरासारखा का खेळतो, याचं उत्तर यंत्र त्या आकड्यात शोधत बसतं. उत्तर पलंगावर रांगेत बसलेलं असतं.

स्मर्फ लवकर पकडायचा तर नुसती हार-जीत पुरत नाही, खेळही बघावा लागतो. २०१८ च्या ट्रूस्किल-२ मध्ये म्हणूनच किती जणांना मारलं, मित्रांच्या गटात आला का, सामना अर्धवट सोडायची खोड आहे का, हेही धरलं. पण याला दुसरी बाजू आहे. मारण्याचे गुण मिळतात हे कळलं की बॉम्ब कोणी लावत नाही, पडलेल्याला कोणी उठवत नाही, पाचही जण शिकारीला निघतात. कित्येक खेळ रेटिंगचा मोठा भाग टीमच्या निकालावरच ठेवतात, ते मला बरोबर वाटतं.

आता सरासरीचा घोटाळा. एका टीमचे आकडे २२००, २०००, ८००, ८००, ७००. दुसरीत पाचही जण १३००. बेरीज दोन्हीकडे ६५००, सरासरी १३००, यंत्र म्हणतं बरोबरी. एका ताटात सावजी रस्सा आणि दुसऱ्यात दहीभात वाढला म्हणून मधे बसलेल्याचं वरणभात होत नाही. अशा सामन्यात दोघे एकटेच लढतात, तिघे मरून प्रेक्षक होतात, आणि माइकवर दहाही जणांचा संताप. म्हणून चांगल्या पद्धती सरासरीसोबत वरच्या-खालच्यातलं अंतरही बघतात, आणि मित्रांच्या गटासमोर शक्यतो गटच देतात. एकमेकांचा आवाज ओळखणारे पाच जण त्यांच्या आकड्यापेक्षा वरचढ असतात. व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाचच्या खेळात, रँक ठरवणाऱ्या सामन्यात चौघांच्या गटाला प्रवेशच नाही. पाचवा परका माणूस बिचारा रणनीती विचारत राहतो आणि मानेवाड्याचे चौघे सकाळी तर्री पोहे कुठे खायचे ते ठरवत असतात, म्हणून केलेली ही तजवीज फार शहाणपणाची.

हे सगळं बरोबर जमलं तर काय होतं? तुम्ही निम्मे सामने हरता. इथेच गाडी अडते. सगळ्यांना बरोबरी हवी असते, पण साठ-चाळीसची, आणि साठ आपल्याकडे. निम्मे हरायला लागले की "यंत्र मुद्दाम हरवते बे" ही शंका सुरू होते. पूर्ण बिनबुडाची नाही म्हणा. खेळाडूला खरेदीचा मोह व्हावा अशा जोड्या लावायच्या पद्धतीचं पेटंट अ‍ॅक्टिव्हिजन या खेळ बनवणाऱ्या कंपनीला २०१७ मध्ये मिळालं होतं. ती कुठल्या खेळात वापरलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. पण सलग पाच हारण्यासाठी कटाची गरज लागत नाही. नाणं उडवल्यासारखे निव्वळ निम्म्या शक्यतेचे शंभर सामने खेळलात, तर त्यात कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के आहे. सलग पाच विजय यायचीही तितकीच, पण त्या रात्री कोणी गणित विचारत नाही.

यंत्रावर विश्वास नसेल तर रविवारी गेमिंग कॅफेत कस्टम रूम, म्हणजे टीम आपणच ठरवायचा खासगी सामना, उघडा आणि दहा जण स्वतः वाटून बघा. आधी सगळ्यांनी मिळून एक ते दहा नंबर लावा. हे काम भांडणाचं, अर्धा तास धरा. दोन कॅप्टननी आळीपाळीनं एकेक उचलला, तर एकीकडे १, ३, ५, ७, ९ जातात, बेरीज २५. दुसरीकडे ३०. बेरीज जितकी कमी तितकी टीम तगडी, म्हणजे पहिल्या उचलीतच सामना संपला. त्याऐवजी नागमोडी वाटा. पहिला एकानं घ्यावा, पुढचे दोन दुसऱ्यानं, मग पुन्हा दोन पहिल्यानं. १, ४, ५, ८, ९ विरुद्ध २, ३, ६, ७, १०. बेरीज २७ आणि २८, आणि दोन्ही नवखे आपोआप वेगळ्या टीममध्ये. पहिला नंबर फारच वरचढ असेल तर नवव्याऐवजी दहावा त्याच्या गळ्यात घाला. दहांच्या दोन टीम १२६ प्रकारे होतात. कोणी इंजिनिअरिंगचा पोट्टा सगळे प्रकार काढतो म्हणाला तर त्याला खेळायला बसवा, नाहीतर संध्याकाळ होईल.

नवख्याला सर्वात पुढे घुसायला लावू नका, स्नायपरही देऊ नका. मुरलेल्याच्या शेजारची खुर्ची आणि एक जागा राखायचं काम द्या. बारा फेऱ्यांनंतर बाजू बदलतात, तेव्हा अर्ध्यावर ओरडू नका, पूर्ण सामन्यावरून ठरवा. १३-७ किंवा त्याहून वाईट निकाल लागला तर शेजारच्या नंबरांची एकच अदलाबदल करा, जिंकलेल्यांकडचा वरचा, हरलेल्यांकडचा खालचा. दोन जोड्या एकदम बदलल्या तर फरक कोणामुळे पडला ते कळत नाही आणि पुन्हा अर्धा तास भांडण.

आणि कॅफेच्या बिलाचा नियम उलटा ठेवा. हरणाऱ्यानं भरायचं असेल तर नवखा कोणालाच नको असतो. जिंकणाऱ्यांनी भरायचं ठरलं, की दोन्ही कॅप्टन खांद्यावर हात टाकून म्हणतात, "हाव ना भाऊ, छोटूले घेतो ना मायाकडे, काहून नाई!"