कंदील, म्हैस आणि तिसरं काहीतरी

परवा सकाळी साडेआठला ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, भर बाजारात, एका परक्या गृहस्थाने माझा मेंदू तपासला. मी नापास झालो. भाजीवाली पास झाली.

गेलो होतो जांभळं आणायला. गेल्या महिन्यात माझ्या हातून दोनदा दूध उतू गेलं आणि एकदा मी खालच्या मजल्यावरच्यांच्या दाराला आमची किल्ली लावत बसलो. (सगळे मजले सारखेच दिसतात, हा बिल्डरचा दोष, पण ऐकतो कोण.) मुलीचं पुण्याहून फर्मान आलं: बाबा, ब्लूबेरी खायची, मेंदूला चांगली. डबी बघून आलो. आत मूठभर दाणे आणि किंमत अशी, की वाचूनच शुद्ध हरपावी. म्हटलं, अँथोसायनिन नावाचा जो रंग त्या फळात, त्याच घराण्यातला आपल्या जांभळात. तेव्हा जांभूळच बरं.

मावशींच्या टोपलीपुढे उभा राहून भाव करत होतो, तेवढ्यात शेजारून प्रश्न आला, "डायबेटीस की मेंदू?"

वळून पाहिलं. हाफ शर्ट व्यवस्थित खोचलेला, खिशाला दोन पेनं, छत्री शेजारच्या हातगाडीच्या दांडीला टांगलेली. तिथेच खोटं बोलायला हवं होतं. मी "मेंदू" म्हणालो.

"उत्तम. मेंदू वजनाला किती? शरीराच्या 2 टक्के. ऑक्सिजन किती खातो? 20 टक्के!" एवढं बोलून त्यांनी टोपलीतलं एक टपोरं जांभूळ उचलून तोंडात टाकलं. "एवढी भट्टी पेटल्यावर ठिणग्या उडणारच. त्या ठिणग्या म्हणजे फ्री रॅडिकल्स. त्यात मेंदूत चरबी भरपूर. गंज चढतो साहेब, गंज!" दुसरं जांभूळ. "वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? तसंच."

"मग वांगीच न्या की," मावशी म्हणाल्या. "समोर चाळीसला हायत."

"न्या, पण सालासकट खा! तो जांभळा रंग म्हणजे अँटिऑक्सिडंट, गंज अडवणारा. तो सालात असतो." चौथं की पाचवं. बिया ते शिस्तीत रुमालात गोळा करत होते. मी पैसे देऊन घेणारा गिऱ्हाईक, मला मावशी एक चाखायला देईनात. आणि हे गृहस्थ ऑक्सिजनच्या नावाखाली पाव टोपली संपवत होते.

मग म्हणाले, "तीन शब्द देतो. कंदील, म्हैस, कोपिनेश्वर. पाच मिनिटांनी विचारीन."

इथे मी निघून जायला हवं होतं. पण आपल्याला शाळेपासून सवय, कुणी प्रश्न विचारला की उभं राहायचं. ते हळदीवर गेले. हळदीतलं कर्क्युमिन अंगात नीट शोषलं जात नाही, मिरीबरोबर घ्यावं म्हणाले. मला आमची आजी आठवली. नव्वदीत गेली. ब्लूबेरी तिने चित्रातही पाहिली नाही, पण माझ्या आत्याच्या लग्नात कुणी किती आहेर केला आणि कुणी नुसतंच जेवून गेलं, हे तिला शेवटपर्यंत पाठ होतं. ते कुठल्या अँटिऑक्सिडंटमुळे, सांगा. माझ्या मते रागामुळे.

"हं, शब्द?"

"कंदील," मी म्हणालो. "म्हैस." आणि पुढे काळोख. बाजूला दोन बायका पिशव्या खाली ठेवून थांबल्या. एक कोथिंबीरवालाही मान वर करून बघू लागला.

"कोपिनेश्वर की ओ!" मावशी तराजूवरून नजर न काढता म्हणाल्या. "देऊळ तर पाठीमागंच हाय तुमच्या."

लोक हसले. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते जास्त लागलं.

त्या रात्री मी मुद्दाम वाचत बसलो. अमेरिकेत 2012 साली सत्तरीच्या पुढच्या सोळा हजार नर्सबायांचा अभ्यास छापून आला. ज्या ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी जास्त खात, त्यांची बुद्धी अडीच वर्षांपर्यंत उशिरा उतरणीला लागल्यासारखी दिसली. पण रोज बेरी परवडणारी बाई बाकीही बरंच नीट करत असणार, नाही का? पुढे 2023 मध्ये 604 जणांवर माइंड नावाच्या, खास मेंदूसाठी आखलेल्या आहाराची चाचणी झाली. त्यात पालेभाज्या, बेरी, सुकामेवा, सगळं. 3 वर्षांनी पाहिलं, तर नुसतं थोडं कमी खाणाऱ्यांपेक्षा यांच्या मेंदूत ठळक फरक नाही. आणि तो गंज खरवडणं वगैरे इतकं सरळ नाहीच. हे रंग मेंदूपर्यंत पोचतात तेही जेमतेम. रक्तवाहिन्या धड राहतात, सूज कमी होते, फायदा असलाच तर बहुधा त्या वाटेने. हे सगळं मी त्या गृहस्थांना सुनावणार होतो. पण माझी बुद्धी नेहमी रात्री अकराला उजाडते.

खरं सांगू, राग जांभळांचा नाही. गॅसचा ग्राहक क्रमांक, चार बँकांचे पासवर्ड, सोसायटीच्या पाण्याची वेळ, बायकोच्या गोळ्यांचा क्रम, हे सगळं याच डोक्यात आहे. त्याबद्दल कुणी कधी खांद्यावर हात ठेवला नाही. एकदा दूध उतू गेलं, की माणूस पेशंट.

हो, ती छत्री. ते ती दांडीलाच विसरून जातील म्हणून मी दोन मिनिटं उगाच मिरच्या निवडत रेंगाळलो होतो. नाही विसरले. वर जाताना हिशेबाने रुमाल झटकून बियाही कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. घरी आल्यावर कळलं, माझी जांभळं पिशवीत फुटून पांढऱ्या सदऱ्यावर उतरली होती. ही म्हणाली, मेंदूऐवजी खिशाला लावलीत का?

आज पुन्हा जावं लागलं. लांबूनच छत्री दिसली. या वेळी मीच पुढे होऊन, चांगलं खणखणीत म्हटलं, "कंदील, म्हैस, कोपिनेश्वर!"

"ते परवाचे, साहेब," ते जांभूळ चोखत म्हणाले. "आजचे घ्या. सुतळी, हत्ती..."

"आणि पायरी," मावशी म्हणाल्या. "सकाळपास्नं चौघांना दिलेत."